जिप्सी किंगला एसी: चालताना काश्मीर, उभी राहिली की भट्टी

वऱ्हाडी_चाकं (अकोला) · १२ एप्रिल, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय. आज पहिला धागा काढतोय, तोही रडगाण्याचा. सांभाळून घ्या.

गाडी २००४ची जिप्सी किंग, १३०० सीसी एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाली), वर फायबरचा हार्डटॉप. बाबा ७६ वर्षांचे. दर पंधरवड्याला त्यांना अकोटकडच्या शेतावर जायचं असतं आणि जिप्सी सोडून दुसऱ्या गाडीत ते बसत नाहीत. "त्या डब्यात जीव गुदमरते," म्हणतात. मागच्या उन्हाळ्यात शेतावरून येताना त्यांना चक्कर आली, तेव्हा ठरवलं की आता एसी बसवायचाच.

इथल्याच एका गॅरेजात काम केलं. नाव घेत नाही, माणूस वाईट नाही. एस्टीमचा जुना कॉम्प्रेसर, डॅशबोर्डखाली ओम्नीचा कूलिंग कॉइलचा डबा, नवा कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी पुढची जाळी), त्याच्यापुढे बारा इंची इलेक्ट्रिक पंखा, सगळे होज नवे. एकूण ४२ हजार.

आता दुखणं. साठच्या स्पीडला गारेगार, बाबा उपरणं गुंडाळून बसतात. पण अकोटच्या चौकात दोन-तीन मिनिटं गाडी उभी राहिली की वारा आधी कोमट, मग गरम, आणि टेंपरेचरचा काटा पाऊणच्या वर. एसी बंद केला की पाच मिनिटांत काटा खाली. गॅरेजवाल्याचं उत्तर एकच, "गॅस कमी झाला." तीनदा भरला. तिसऱ्यांदा भरल्यावर आणखीच बिघडलं.

रेडिएटर मोठा टाकू? कॉम्प्रेसर बदलू? की काढून टाकू सगळं?

जुनं_खोड · १२ एप्रिल, रात्री १०:४२

जिप्सीला एसी म्हणजे घोंगडीला जरीचा काठ.

१९८५ला जिप्सी आली तेव्हा ९७० सीसीचं इंजिन होतं, ४५ बीएचपीचं. आमच्याकडे तीच होती, ८९ची. तिला एसी लावला असता तर घाटात उतरून ढकलावी लागली असती. १९९६ला किंग आली, २०००ला एमपीएफआय होऊन ८० बीएचपी झाली, २०१९ला बंद पडली. एवढ्या वर्षांत कंपनीने एसी दिला नाही, त्याला काहीतरी कारण असेलच ना?

खिडकी सरकवा, डोक्याला ओला पंचा बांधा.

वऱ्हाडी_चाकं · १२ एप्रिल, रात्री १०:५५

@जुनं_खोड, मे महिन्यात या एकदा आमच्याकडे. ओला पंचा गावाची वेस ओलांडेपर्यंत पापड होतो.

कॉम्प्रेसर_काका (पुणे) · १२ एप्रिल, रात्री ११:३०

३१ वर्षं गाड्यांच्या एसीचंच काम केलं. आता मुलगा बघतो, मी खुर्चीवर बसून चुका काढतो.

अकोलेकर, घाई करू नका. रेडिएटरही नको आणि कॉम्प्रेसरही नको. आधी आकडे द्या. दुपारी गाडी सावलीत उभी करून बाहेरचं तापमान, मधल्या जाळीतून येणाऱ्या वाऱ्याचं तापमान, लो साइड आणि हाय साइडचे गेज (गॅसच्या कमी आणि जास्त दाबाच्या बाजूंचे आकडे, पीएसआयमध्ये), हे सगळं आयडलला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून, आणि १५०० आरपीएमला. मग कंडेन्सरवर पाण्याचा बारीक फवारा मारा आणि तेच गेज परत वाचा. फवारा मारायला विसरू नका, खरं उत्तर तिथेच आहे.

गॅस वजनावर भरला होता का, की बाटली उलटी करून "बस्स झालं" असं?

तोवर एवढं लक्षात घ्या. एसी थंडी बनवत नाही. आतली उष्णता उचलतो आणि पुढच्या जाळीतून बाहेर टाकतो. आर-१३४ए गॅसला लो साइडला ३० पीएसआय दाब असेल तर कॉइलमध्ये साधारण १ अंश असतो. हाय साइडला २५० असेल तर कंडेन्सरमध्ये ६३-६४. बाहेर ४३ आहे, म्हणजे वीस अंशांचा उतार मिळाला, उष्णता निघून जाते. वारा थांबला की ती तिथेच साचते, दाब चढत जातो. ३५०ला गेला की कंडेन्सर ७८ अंशांवर, आणि त्याच्यावरून तापून आलेला वारा थेट मागच्या रेडिएटरच्या तोंडावर. म्हणून काटाही चढतो. दोन आजार नाहीत, एकच आहे.

गॅस कमी असता तर चालतानाही बाबांना उपरणं लागलं नसतं.

कोल्हापुरी_गिअर · १३ एप्रिल, सकाळी ८:०५

काकांनी नाद खुळा समजावलं.

माझी ९८ची किंग, कार्बोरेटरवाली. माझं रडगाणं वेगळं होतं. एसी लावला की सिग्नलला गाडी फुस्स. हवा-स्क्रू पिळून आयडल वाढवलं, तर एसी नसताना इंजिन नुसतं बोंबलायचं. शेवटी एका जुन्या माणसानं आयडल-अप बसवलं. छोटी डायफ्रामची डबी असते, इंजिनच्याच व्हॅक्यूमवर चालते. एसीचं बटण दाबलं की सोलेनॉइड उघडतो, डबी थ्रॉटलचा दांडा किंचित ओढते, ८५०चं १०००-१०५० होतंय. जुन्या गाडीची काढलेली मिळाली तरी चालते, फक्त तोंडाने हवा ओढून डायफ्राम फाटलाय का बघून घ्या.

एमपीएफआयवाल्यांनी आयडलचा वॉल्व्ह, म्हणजे आयएसी, काढून साफ करावा. काजळीने जाम झाला असला तर एसीचा भार आल्यावर उघडतच नाही.

आणि भावा, पुली बघितलीस का? माझा पट्टा आठशे किलोमीटरवर सुतळीसारखा सुटला. गॅरेजवाला म्हणे पट्टाच खराब. दुसरा टाकला, तोही गेला. शिरोलीच्या लेथवाल्याने स्टीलची पट्टी क्रँक पुलीच्या तोंडाला लावून दाखवलं, कॉम्प्रेसरची पुली पावणेतीन एमएम आत. ब्रॅकेटमागे दोन वायसर घातले, काम झालं. चहा त्यानेच पाजला.

शंकासूर (पुणे) · १३ एप्रिल, सकाळी ११:२०

धाग्याला धरूनच एक शंका. माझ्या जुन्या थार डीआयला एसी बसवतोय. गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम करतात (पंपाने आतली हवा काढून टाकतात) तेव्हा गेजवर २९ इंचांच्या वर गेलं पाहिजे असं व्हिडिओत सांगतात. आमच्या मेकॅनिकचा पंप पाऊण तास चालून २८ला अडकला. पंप बाद आहे असं मी म्हणालो, तो चिडला. कोण बरोबर?

कॉम्प्रेसर_काका · १३ एप्रिल, दुपारी १:००

मेकॅनिक. त्याला सॉरी म्हणा.

गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतो. समुद्रकाठी हवेचा दाब पाऱ्याच्या ३० इंचांच्या आसपास. पुणे ५६० मीटर उंच, इथे हवाच २८ इंचांची आहे. जेवढी आहे त्याहून जास्त कुठून काढणार? महाबळेश्वरला काम केलंत तर २५ला काटा थांबेल. ते व्हिडिओवाले खाली समुद्रकाठी बसलेत.

बघायचं ते वेगळंच. पंप बंद करून अर्धा तास काटा हलतो का. हलला तर गळती आहे, नाही हलला तर पुढे चला. आमच्या हाताखालची पोरं हा अर्धा तास वाचवतात आणि मग गिऱ्हाईक तीनदा गॅस भरतं.

रानजाई (चिपळूण) · १३ एप्रिल, रात्री ९:१५

माझा अनुभव अकोल्याच्या बरोब्बर उलटा, म्हणून लिहिते.

आमची महिंद्राची एमएम ५४०, प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन. कापडी हूड काढून पत्र्याचा टप बनवून घेतला, मग एसी. मे महिन्यात बाहेर ३४ अंश. गेज अगदी काका सांगतात तसे, लो ३२ आणि हाय २१०. पण जाळीतून १५च्या खाली वारा येईना. मेकॅनिक डोकं खाजवतोय.

मी पॉलिटेक्निकला शिकवते, म्हणून सवयीने डब्याच्या पाण्याच्या नळीखाली बाटली धरली. अर्ध्या तासात लिटरची बाटली भरली! म्हणजे तासाला दोन लिटर. एक लिटर पाणी हवेतून पिळून काढायला जवळजवळ २४०० किलोज्यूल लागतात. हिशोब केला तर सव्वा किलोवॅटहून जास्त ताकद निव्वळ कोकणातल्या हवेतला घाम पुसण्यात चाललेली. एवढ्याशा एसीची निम्मी-अर्धी ताकद ती. वारा थंड कशाने होणार?

आणि पाणी एवढं येतंय कुठून? गाडीत तर दोनच माणसं. मग नवऱ्याला रात्री आत टॉर्च घेऊन बसवलं आणि मी बाहेरून फिरले. जीप नव्हे, आकाशकंदील! क्लचच्या दांड्याचं भोक, गिअरच्या रबराची चीर, दाराच्या खालची बोटभर फट, हीटरच्या पाइपांची दोन जुनी भोकं. प्रत्येक भोकातून दमट हवा आत. दोन रविवार रबरपट्ट्या आणि मॅस्टिकमध्ये गेले. नंतर जाळीत १० अंश. गॅस, कॉम्प्रेसर, कशालाच हात लावला नाही.

तात्पर्य नाही, पण अकोल्याच्या ४५ला कंडेन्सर रडतो आणि चिपळूणच्या ३४ला कूलिंग कॉइल.

जुनं_खोड · १३ एप्रिल, रात्री ९:४०

नवऱ्याला आत बसवलं हे आवडलं.

वाळवंटी (अबू धाबी) · १४ एप्रिल, पहाटे १:३०

मूळचा जळगावचा, म्हणजे उन्हाची दोन्हीकडे मक्तेदारी. इथे जुन्या सत्तर सिरीजच्या लँड क्रूझरवर खेळतो.

रानजाईंना +१००. आणखी भर: छत. फायबरचा हार्डटॉप दुपारी आतून हात लावून बघा, तवा असतो. इथे आम्ही छताच्या आतून क्लोज्ड सेल फोम चिकटवतो, तोच काळा नायट्राइल रबराचा, जो एसीच्या पाइपांवर गुंडाळतात. १० एमएम पुरे. तोच गिअरबॉक्सच्या बोगद्यावर आणि पायाखालच्या पत्र्यावर, कारपेटच्या खाली. सायलेन्सर जवळ असेल तिथे मात्र फोम नको, तिथे अ‍ॅल्युमिनियमची उष्णतारोधक चादर, पत्र्यापासून थोडी जागा सोडून. पांढरा रंग दिला तर उत्तम, पण ऑफरोडवाल्यांना ऑलिव्ह ग्रीनच पाहिजे असतो.

आणि गाडीत बसल्या बसल्या पहिली दोन मिनिटं खिडक्या उघड्या ठेवून चालवा. आत साठ अंशांची हवा कोंडलेली असते, ती एसीकडून गार करून घेण्यापेक्षा बाहेर हाकलणं स्वस्त.

अवांतर: लहानपणी आमच्या मामांच्या जीपला मागच्या बाजूला वाळ्याचा पडदा होता. दर तासाला बालदीभर पाणी. जळगाव ते अजिंठा वास अजून नाकात आहे.

वऱ्हाडी_चाकं · १४ एप्रिल, संध्याकाळी ७:२०

वाळ्याच्या पडद्याने बाबा एकदम खूश. "तेच लाव," म्हणतात.

काका, आकडे घ्या. गेजवाला मित्र बोलावला होता. दुपारी ३ वाजता, बाहेर ४१.

आयडलला लो ५२, हाय ३४५, जाळीत २५ अंश.
१५०० आरपीएमला लो ४८, हाय ३६५ आणि चढतच होता, म्हणून घाबरून पाय काढला.
फवारा मारल्यावर आयडलला लो ३५, हाय २४०, जाळीत १३!

फवारणीचा नवा पंप वापरला, औषधाचा नव्हे. बाबा म्हणाले, "कपाशी सोडून आता गाडीवर मारून राह्यला का."

गॅस अंदाजानेच भरला होता.

कॉम्प्रेसर_काका · १४ एप्रिल, संध्याकाळी ७:५०

निकाल लागला. कॉम्प्रेसर ठणठणीत, गॅसचा व्हॉल्व्ह ठणठणीत. कंडेन्सरला वारा मिळत नाही आणि वर गॅसही जास्त झालाय. हाय ३६५ला गेल्यावरही चालूच, म्हणजे प्रेशर स्विच बसवलाय की नाही तेही बघा. साधारण ४५० पीएसआयला तो कॉम्प्रेसर तोडतो, त्यामुळे अजून वेळ आली नसेल, पण दोन तारा एकमेकींना जोडून स्विच बायपास केलेला मी खूप वेळा पाहिलाय. तसं असेल तर होज फुटेल किंवा कॉम्प्रेसर.

आता पंखा. गाडी बंद, फक्त एसीचा पंखा चालू करा. पेपरचं एक पान ग्रिलसमोर धरा. चिकटलं पाहिजे.

चौथा_गिअर · १४ एप्रिल, रात्री ८:३०

पंखा बघताय तर वायरिंगही बघा. कंडेन्सरचा पंखा ८ ते १० अँपिअर खातो, आतला ब्लोअर फुल्लवर साधारण तेवढंच किंवा थोडं जास्त, कॉम्प्रेसरचा क्लच ४. म्हणजे २०-२५ अँपिअरचा नवा संसार. रात्री हेडलाइट लावले की ५५ वॅटच्या दोन बल्बांचे आणखी ९. जुन्या गाडीचा अल्टरनेटर आयडलला स्वतःच्या पाटीवरचा आकडा देत नाही, त्याच्या बराच खाली देतो. मल्टिमीटर बॅटरीला लावा, आयडलला सगळं चालू करा. १३.२ व्होल्टच्या खाली गेला तर पंखा पण मंद फिरणार आणि तुमचा आजार वाढणार.

पंख्याची आणि क्लचची लाइन बॅटरीवरून फ्यूज आणि रिले लावून. चावीच्या स्विचमधून ओढली असेल तर आज ना उद्या चावीशी वास येईल.

वऱ्हाडी_चाकं · १५ एप्रिल, सकाळी ९:१०

हसू नका.

पान धरलं. चिकटलं नाही. उडून शेजाऱ्यांच्या गेटपर्यंत गेलं.

पंखा उलटा फिरत होता. तेरा महिने. इंजिनचा पंखा मागून हवा आत ओढतोय आणि हा पुढून बाहेर फेकतोय, मध्ये कंडेन्सर आणि रेडिएटर दोघांच्या भांडणात उपाशी. साठच्या स्पीडला समोरचा वारा त्याला दाबून टाकायचा म्हणून गार. पंख्याच्या दोन तारा कनेक्टरमध्ये उलट्या गेल्या होत्या. अदलाबदल केली, पान असं चिकटलं की ओढून काढावं लागलं.

प्रेशर स्विच आहे, जोडलेला आहे. देव पावला.

कोल्हापुरी_गिअर · १५ एप्रिल, सकाळी ९:२५

तेरा महिने!! आणि रेडिएटर बदलायला निघाला होतास भावा.

कॉम्प्रेसर_काका · १५ एप्रिल, सकाळी १०:००

हसू नका रे. ९६ साली एका डॉक्टरांच्या गाडीत मी हेच केलंय. एक अख्खा सीझन ते दर महिन्याला यायचे आणि मी दर महिन्याला गॅस भरायचो. आजही त्यांच्या दवाखान्यावरून जाताना मान खाली जाते.

अकोलेकर, अजून संपलं नाही. पात्यांचा बाक बघा. पुढून ढकलणाऱ्या आणि मागून ओढणाऱ्या पंख्याची पाती वेगळ्या बाकाची असतात. तुमच्या पंख्याची पाती ओढायची असतील तर आता दिशा बरोबर, पण ताकद कमी. काही पंख्यांत पातं काढून पालथं बसवता येतं.

मग कंडेन्सरच्या चारही बाजूंच्या फटी. उभ्या गाडीत तापलेला वारा त्या फटींतून वळून परत पुढे येतो आणि तोच तोच वारा फिरत राहतो. दाराची रबरपट्टी कापून बंद करा. इंजिनच्या पंख्याभोवतीचं श्राउड, म्हणजे वारा कोंडून धरणारं कडं, आहे का? जुन्या जिप्सींत निम्म्यांचं कुणीतरी रेडिएटर काढताना फेकून दिलेलं असतं.

शेवटी गॅस. सगळा काढून, व्हॅक्यूम करून, वजनावर. पण मशीनने काढून घ्यायला सांगा, हवेत सोडू देऊ नका. हा गॅस एक किलो सोडला की १४३० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं आहे. तुमच्या जुगाडू सिस्टिमला कंपनीचा आकडा नाही, म्हणून ४०० ग्रॅमपासून सुरू करा, पुढे ५०-५० ग्रॅमने, प्रत्येक वेळी दोन्ही गेज आणि जाळीतलं तापमान लिहीत. जाळीतलं तापमान उतरायचं थांबलं आणि हाय नुसताच चढायला लागला की एक पायरी मागचा आकडा तुमचा. तो बॉनेटच्या आतून मार्करने लिहून ठेवा.

नियमांवर_बोट · १५ एप्रिल, दुपारी १२:१५

एसीमुळे आरटीओचा काही त्रास? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळे बदल नको असं आहे आणि जानेवारी २०१९ला सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलंय. इंजिन किंवा चॅसीसशी खेळ केलात तर हे अंगाशी येतं. एसीपुरतं मी विम्याचं आधी बघा म्हणेन. पॉलिसी नूतनीकरणात इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीजच्या रकान्यात एसीची वेगळी किंमत लिहून घ्या, त्यावर चार टक्के प्रीमियम लागतो. बिल जपून ठेवा. नाहीतर पुढून ठोकर बसली की कंडेन्सर तुमच्या खिशातून.

शंकासूर · १५ एप्रिल, दुपारी २:४०

गॅसचं विचारायचं होतं. दुकानात एकाच रंगाचे कॅन, एकाची किंमत दुसऱ्याच्या अर्धी. मेकॅनिक म्हणतो दोन्ही सारखेच, स्वस्तातला "जास्त गार" करतो.

(आणि हो, सॉरी म्हणालो. त्याने चहा सांगितला.)

कॉम्प्रेसर_काका · १५ एप्रिल, दुपारी ३:३०

जास्त गार करतो हे कधीकधी खरंही असतं. कारण त्यात स्वयंपाकाच्या गॅसच्या भावंडांची भेसळ असते. प्रोपेन-ब्युटेन उत्तम गार करतात. आणि पेटतातही उत्तम. तुमच्या गुडघ्यासमोर कॉइलचा डबा आहे, तिथे गळती झाली आणि कुणी काडी ओढली तर विचार करा.

त्याहून वाईट भेसळ मिथाइल क्लोराइडची, आर-४०. विषारी आहेच, वर अ‍ॅल्युमिनियमला खातो. कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॉइल, सगळं अ‍ॅल्युमिनियम. २०११ला परदेशात मालवाहू रेफ्रिजरेटेड कंटेनरांचे कॉम्प्रेसर याच भेसळीने फुटून माणसं गेली होती.

१३.६ किलोचा सीलबंद सिलिंडर असलेलं गॅरेज शोधा आणि काट्यावर ठेवून भरायला लावा. कॉम्प्रेसरचं तेल पीएजी, म्हणजे या गॅसबरोबर चालणारं कृत्रिम तेल. आर-१२ या जुन्या गॅसच्या जमान्यातला कॉम्प्रेसर मिळाला म्हणून हुरळू नका, त्यातलं खनिज तेल या गॅसबरोबर फिरत नाही, तळाशी बसून राहतं आणि कॉम्प्रेसर कोरडा मरतो.

जुनं_खोड · १५ एप्रिल, रात्री ९:००

चला, मीही काही कामाचं सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा नुसता टोमणे मारतो.

शेताच्या वाटेवर नाला असेल, पावसाळ्यात पाण्यातून गाडी घालत असाल. पाण्यात उतरण्याआधी एसी बंद, आणि एसीचा पंखा बंद झाला हे कानाने ऐका. पातं फिरतं असताना पाण्यात बुडालं की वाकतं आणि थेट कंडेन्सरच्या जाळीत घुसतं. कॉम्प्रेसर खाली बसवला असेल तर त्याच्या क्लचमध्ये चिखल जातो, बाहेर आल्यावर साध्या पाण्याने धुवा, प्रेशर वॉशरने नको, कंडेन्सरच्या पट्ट्या आडव्या होतात.

आणि चढ असेल तर बटण हाताने बंद करा. आठ-दहा मिनिटांत कुणी वितळत नाही.

रानजाई · १५ एप्रिल, रात्री ९:२०

खोडकाका, ओला पंचा विसरलात.

वऱ्हाडी_चाकं · ९ मे, रात्री ९:४५

उशीर झाला, लग्नसराई होती. अपडेट देतो.

गॅरेजवाल्याकडेच गेलो. पेपरचं पान त्यालाच धरायला दिलं. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "बाकीचं काम फुकट करून देतो." दिलंही. पात्यांचा बाक चुकीचाच होता, त्याने पातं काढून पालथं बसवलं. श्राउड भंगारातून मिळालं, एक कान तुटका, पत्र्याची पट्टी रिव्हेट करून बसलं. फटी रबराने बंद केल्या. आयएसी वॉल्व्ह काढला तर आत काजळीचा चुना झालेला.

जुना गॅस मशीनने काढला, ७८० ग्रॅम निघाला. नवा धान्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर सिलिंडर ठेवून भरला, ५५०वर थांबलो. ५०० आणि ५५०मध्ये जाळीत अर्धा अंशाचाच फरक पडला, ६००ला हाय वीसने चढला आणि जाळीत काहीच नाही, म्हणून परत मागे आलो. आकडा बॉनेटच्या आतून लिहिलाय.

काल बाहेर ४४. अकोटच्या चौकात मुद्दाम दहा मिनिटं उभा राहिलो. हाय २७०, जाळीत १२, काटा निम्म्यावर. चालताना ७. छताचा फोम अजून बाकी आहे, चिपळूणची टॉर्चची परीक्षा झाली, अकरा भोकं सापडली. मुलगी आत बसली होती.

एक नवीन भानगड मात्र झाली. परत येताना बाबांच्या डाव्या पायावर टपटप पाणी. त्यांनी चप्पल काढून पाय पुढे केला आणि मजेत बसले, मला सांगितलंच नाही. घरी आल्यावर चटई भिजलेली दिसली तेव्हा कळलं. डब्याची पाण्याची नळी खाली गाडीबाहेर काढलीय, तिचं तोंड बंद. तार घातली तर आतून वाळलेली माती आणि एक हिरवी अळी. कुंभारीण माशीने घर केलं होतं! चार दिवस गाडी उभी होती तेवढ्यात.

रानजाई · ९ मे, रात्री १०:०५

आमच्याकडे दर वर्षी होतं हे. नळीच्या तोंडावर डासांच्या जाळीचा तुकडा लावून तारेने आवळा. फार बारीक जाळी नको, शेवाळ धरतं.

वऱ्हाडी_चाकं · ९ मे, रात्री १०:१२

उद्याच लावतो. मातीचं ते घर बाबांनी काड्यापेटीत ठेवलंय, फेकू देत नाहीत.

शंकासूर · ९ मे, रात्री १०:३०

नळी किती एमएमची आहे?

वऱ्हाडी_चाकं · ९ मे, रात्री १०:३४

आतून १२.